अडलं तर विचारावं

शब्दकोडं सोडवताना दुसऱ्याला विचारणं म्हणजे कॉपी करणं का?

आमच्या मामांच्या मते होय. मामा सांगलीत हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. रोज सकाळी अंघोळ, पूजा, चहा आणि मग इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक शब्दकोडं. त्यांचे नियम कडक. कोडं पेनानं सोडवायचं, पेन्सिलीनं नाही. शब्दकोश कोडं संपल्यावर उघडायचा. जे सुटलं नाही ते तसंच रिकामं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उत्तरं तपासायची आणि कोपऱ्यात स्वतःला गुण द्यायचे. शाळेतल्या मुलांना देत तसेच, लाल शाईत!

मी आठवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत एकदा त्यांच्या खांद्यावरून डोकावून एक उत्तर मोठ्यानं बोलून गेले. बरोबर होतं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. मामांनी पेपराची घडी घातली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "अगं, माझ्या पानातला जिलबीचा शेवटचा तुकडा उचललास तू."

तो तुकडा मला अजून टोचतो. तरीही इतक्या वर्षांनंतर माझं मत मामांच्या उलट आहे. अडलं तर विचारावं. विचारून सोडवलेलं कोडं हे सोडवलेलंच असतं. आणि हे मला पटवलं ते मामांनीच, एका कोड्याच्या निमित्तानं. तीच गोष्ट सांगायची आहे. पण ज्यांना या खुळाची लागण झालेली नाही (आमच्या घरात असे बरेच आहेत) त्यांच्यासाठी आधी थोडी प्रस्तावना.

साध्या शब्दकोड्यात अर्थ दिलेला असतो आणि शब्द ओळखायचा असतो. 'सरिता', अक्षरं दोन, उत्तर 'नदी'. क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोड्यात असं सरळ कोणी विचारत नाही. तिथं लिहिलेलं असेल, 'गरीब उलटला की वाहते (२)'. गरीब म्हणजे दीन. दीन उलटा वाचा, नदी. आणि 'वाहते' हा तिचा अर्थ. म्हणजे एकाच वाक्यात एका टोकाला अर्थ आणि दुसऱ्या टोकाला शब्द घडवण्याची कृती. किंवा हे बघा, 'दिवस आणि हत्ती मिळून निघाले पंढरीला (४)'. दिवस म्हणजे वार, हत्ती म्हणजे करी. वारकरी!

मराठीत एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. त्यामुळे उलटापालट करायला वाव कमी. इंग्रजीत एकेक सुटं अक्षर असल्यामुळे तोडफोड करायला रान मोकळं. पण गंमत दोन्हीकडे तीच. वाक्य दिसतं एक, सांगतं दुसरंच. रचणाऱ्यानं कितीही हुलकावण्या द्याव्यात, मात्र शब्दाशब्दाला नियमानं उत्तर निघालंच पाहिजे. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही. इंग्लंडातल्या जुन्या कोडेकारांनी घालून दिलेला हा शिरस्ता आहे आणि मला तो फार आवडतो. माणसांमाणसांतही पाळता आला तर किती बरं होईल.

आता यातलाही वरचा वर्ग म्हणजे एका विषयाभोवती गुंफलेलं कोडं. नेहमीच्या कोड्यात प्रत्येक शोधसूत्र आपल्या पायावर उभं असतं. एक अडलं तर दुसरं धरावं. विषयाच्या कोड्यात मात्र चार-पाच मुख्य उत्तरं एकमेकांत अडकवलेली असतात. शोधसूत्रात नुसतंच लिहिलेलं असतं, 'अमुक क्रमांकाचा तमुक'. तो अमुक क्रमांक सुटल्याशिवाय तमुक सुटत नाही आणि तमुकाशिवाय अमुक. कुठूनतरी एक धागा हाती लागावा लागतो. आणि तो धागा कशातला असेल सांगता येत नाही. कधी क्रिकेट, कधी बायबल, कधी विलायतेतल्या नद्या. एका माणसाला एवढं सगळं माहीत असणं कठीणच.

असली कोडी रचण्यात 'गार्डियन' वर्तमानपत्राचा अरॉकेरिया हा बादशहा. हे अर्थात टोपणनाव. खरं नाव जॉन ग्रॅहम. जन्म १९२१ चा, पेशानं चर्चमधले धर्मगुरू. 'गार्डियन'मध्ये त्यांची कोडी १९५८ पासून येत होती. १९७० मध्ये तिथं कोडेकारांची टोपणनावं छापायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. अरॉकेरिया म्हणजे ते काटेरी पानांचं झाड, ज्याला इंग्रजीत 'माकडाचं कोडं' म्हणतात. या झाडावर चढायचं कसं हे माकडालाही उमगणार नाही म्हणून! पुढं घटस्फोटानंतर धर्मगुरूचं काम सुटलं आणि जो छंद होता तोच पोटापाण्याचा उद्योग झाला. त्यांच्या कोड्यांत लबाडी भरपूर, पण कुजकेपणा कुठंही नाही, असं मामा म्हणायचे. मामांच्या तोंडून एवढी स्तुती फार कमी लोकांच्या वाट्याला आली.

तर, जानेवारी २०१३. माझ्या भाच्यानं अरॉकेरियाचं एक ताजं कोडं छापून आणून दिलं. क्रमांक २५,८४२. मी त्याच्या प्रती काढल्या. एक सांगलीला मामांना पोस्टानं पाठवली, एक ठाण्याच्या मैत्रिणीला आणि एक नाशिकला ताईला. ताई म्हणजे मामांची मुलगी, माझी मामेबहीण, भूलतज्ज्ञ. तिला कोड्यांची आवड वडिलांकडूनच आलेली, पण नियम मात्र आमच्याकडचे. ती, मी आणि मैत्रीण फोनवर बिनदिक्कत एकमेकींना विचारत असू. मामा या चौकडीत नव्हते. त्यांना फक्त कोडं पाठवायचं, उत्तरांबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

कोड्याच्या वर एक वाक्य होतं. त्याचा मतलब असा, की अरॉकेरियाला १९ चा १८ उभा झाला आहे आणि त्यावर १३-१५ हे उपचार चालू आहेत.

आम्हाला वाटलं ही नेहमीची थट्टा. उपचार म्हणजे खोकल्यावर आल्याचा रस असं काहीतरी निघेल. मी आणि मैत्रिणीनं हसत हसत सुरुवात केली. सुटी शोधसूत्रं आता शब्दशः आठवत नाहीत, उत्तरं मात्र आठवतात. पहिल्यांदा 'नर्स' मिळालं. मग 'सनसेट'. मग एक नाव, मॅकमिलन. मी म्हटलं, इंग्लंडचे पंतप्रधान. मैत्रीण म्हणाली, छे, पुस्तकांचे प्रकाशक. नर्सशी आणि सूर्यास्ताशी दोघांचा काही संबंध लागेना.

मग 'एंडोस्कोपी' आणि 'स्टेंट' या दोन्हींवर ताईनं बोट ठेवलं. ती म्हणाली, "अगं, स्टेंट म्हणजे फक्त हृदयाचा नाही. अन्ननलिका आक्रसली की तिच्यातही घालतात, गिळता यावं म्हणून." मी १९ ची घरं मोजली. अन्ननलिकेचा इंग्रजी शब्द मला येत होता, पण नऊच अक्षरं भरत होती. घरं होती दहा. ताई म्हणाली, "तू अमेरिकन स्पेलिंग मोजत्येस. ब्रिटिश लोक आधी एक 'ओ' लावतात." लावला. बसला.

तेव्हा फोनवर आम्ही दोघीही गप्प झालो. मॅकमिलनचा उलगडाही ताईनंच केला. विलायतेत कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणारी त्या नावाची मोठी संस्था आहे. डग्लस मॅकमिलन नावाच्या माणसानं वडील कॅन्सरनं गेल्यावर १९११ मध्ये ती सुरू केली. तिच्या नर्सेस तिकडं घरोघर माहीत आहेत. ही थट्टा नव्हती. एक्याण्णव वर्षांचा माणूस आपल्या वाचकांना काहीतरी सांगत होता. आणि बातमी म्हणून नव्हे. एकेक अक्षर आमच्याच हातानं लिहायला लावून.

१३-१५ चा शब्द मात्र आम्हा तिघींना पटकन येईना. ताईला तर रोजच्या कामातला, पण अशा वेळी नेमका तोच आठवत नाही. दहा अक्षरं आणि चार अक्षरं.

त्या रात्री नऊच्या सुमाराला फोन वाजला. मामा.

मामा कोड्याबद्दल कधीही फोन करत नसत. म्हणाले, "१३-१५ आलं का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग सांगू का?" मला धक्काच बसला. मी म्हटलं, "सांगू नका, खूण सांगा." ते खूश झालेले आवाजावरून कळलं. म्हणाले, "लॅटिनमध्ये पॅलियम म्हणजे पांघरायचा झगा. आजार बरा करता येत नाही तेव्हा निदान दुखण्यावर पांघरूण घालायचं. ते तिचं काम." पॅलिएटिव्ह केअर! लिहिलं. मास्तरांनी फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं, पण खडू माझ्या हातात ठेवला.

मग थोडं थांबून म्हणाले, "माझा १८ उभा मात्र अडलाय."

आता १८ उभ्याचं शोधसूत्र अख्ख्या कोड्यातलं सगळ्यात छोटं होतं. 'वाढीचं चिन्ह', बस एवढंच. ऐकायला किती शुभ! अंकुर फुटावा, मुलाची उंची वाढावी. पण कोड्यांच्या जगात 'चिन्ह' म्हटलं की मुरलेला माणूस आधी राशी आठवतो. आणि शरीरातली 'वाढ' म्हणजे गाठ. इंग्रजीत राशीचं आणि रोगाचं नाव एकच. आपल्याकडेही तेच की. कर्क रास आणि कर्करोग. लॅटिनमधलाही खेकडाच आणि आपलाही खेकडाच. हे शोधसूत्र मराठीत जसंच्या तसं चाललं असतं.

आणि हे मामांना सुटत नव्हतं? ज्यांनी मला मेष ते मीन सगळ्या राशींची इंग्रजी नावं 'कोड्यात लागतात' म्हणून पाठ करून घेतली होती, त्यांना? ज्यांच्यासमोर १९ आणि १३-१५ ही दोन्ही उत्तरं लिहिलेली होती, त्यांना?

इथं मला मामीबद्दल सांगायला हवं. घरच्यांना माहीत आहे, पण आपापसात कोणी बोललेलं नाही. मामी २००८ मध्ये गेल्या. पोटात होतं. निदान झालं तेव्हाच उशीर झालेला होता. मामांनी ठरवलं की तिला सांगायचं नाही. 'अल्सर आहे' म्हणून सांगायचं. ताई डॉक्टर असूनही तिला ते मान्य करावं लागलं. सात महिने आम्ही सगळे 'अल्सर' म्हणत होतो. नंतर, मामी गेल्यावरही, तो दुसरा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. 'तुझी मामी आजारी होती तेव्हा' असंच बोलायचे.

फोन हातात धरून मी विचार करत होते. उत्तर सांगावं तर जिलबीचा तुकडा उचलल्यासारखं. न सांगावं तर... त्यांना उत्तर नको होतंच. ते त्यांच्याकडे होतं. ते लिहिताना कोणीतरी सोबत हवं होतं.

मी म्हटलं, "मामा, राशी मोजा."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "चौथी."

"हो. चौथी."

"लिहितो," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुझ्या मामीला आपण सांगितलं नाही. चुकलंच माझं."

मी काही बोलले नाही. काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन नाशिकला फोन केला. बाप-लेकीचं काय बोलणं झालं ते सगळं मला माहीत नाही. ताईनं मला एवढंच सांगितलं, "आईला माहीत होतं गं. मला तिनं एकदा स्पष्ट विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून. त्यांना सोसायचं नाही. मी हे बाबांना पाच वर्षं सांगू शकले नाही, काल सांगितलं."

म्हणजे मामी मामांसाठी एक घर रिकामं ठेवून होत्या आणि मामा मामींसाठी. दोघांकडेही उत्तर होतं. विचारलं मात्र कोणी कोणाला नाही.

आजारी माणसाला सांगावं की सांगू नये, यावर मी इथं निकाल देणार नाही. घर बघून, माणूस बघून ठरवायची गोष्ट आहे ती. झगा पांघरायला लागतोच कधीकधी, आणि मामांनी तो मायेनंच घातला होता. पण शब्दकोड्याबद्दल मात्र माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे.

मदतीचे दोन प्रकार असतात. एक, उत्तर हातात कोंबणं. ते मीही वाईटच म्हणते. आता मोबाईलला विचारलं की दोन सेकंदांत उत्तर येतं. घरं भरतात, पण कोडं सुटत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शेवटचं पाऊल समोरच्यासाठी राखून ठेवणं. 'राशी मोज', 'लॅटिन बघ', 'स्पेलिंग विलायती लाव'. यात जिलबीचा तुकडा ज्याच्या पानातला त्याच्याच पानात राहतो, आपण फक्त ताट पुढं सरकवतो. आणि असं नेमकं, बेताचं सुचवायला समोरच्या माणसाला नीट ओळखावं लागतं. तो कुठपर्यंत आलाय, कशामुळे थांबलाय, हे कळावं लागतं. उत्तर सांगणं त्या मानानं फार सोपं.

स्पर्धेची गोष्ट वेगळी. लंडनच्या 'टाइम्स'ची शब्दकोडी सोडवण्याची स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली. तिथं घड्याळ लावून एकट्यानं बसायचं असतं, ते योग्यच आहे. बक्षिसाच्या कोड्यावर चौघांनी डोकं लावून एकाच्या नावानं उत्तर धाडणं ही लबाडीच. पण घरी, चहाबरोबर, कोणाशी स्पर्धा आहे? मामांच्या कोपऱ्यातल्या लाल गुणांना तपासनीस कोण होता? तेच.

शिवाय ज्याला एकट्यानं सोडवणं म्हणतात तेसुद्धा खरं एकट्याचं असतं का? मामांना लॅटिन त्यांच्या कॉलेजातल्या सरांकडून मिळालं, मला राशी मामांकडून, ताईला स्टेंट तिच्या शिक्षणातून. सगळ्यांचं उसनंच. आम्ही फक्त उसनवारी उघडपणे केली.

अरॉकेरियानं हे कोडं आधी डिसेंबर २०१२ मध्ये स्वतःच्या छोट्या कोडे-मासिकात छापलं होतं, हे मला मागाहून कळलं. असं सांगणं आपल्याला अगदी स्वाभाविक वाटलं, अशा अर्थाचं ते म्हणाले. पन्नासहून जास्त वर्षं ज्यांच्याशी ते कोड्यांतूनच बोलत आले, त्यांना ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या भाषेत सांगणार? वाचकांची पत्रं त्यांच्याकडे भराभर आली. २६ नोव्हेंबर २०१३ ला, ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापलं गेलं ते १९१३ च्या डिसेंबरात. त्या शंभरीला महिनाही उरला नव्हता.

मामांचा कडकपणा त्यानंतर एकदम गेला असं नाही. पेन तेच, शब्दकोश नंतरच. पण रविवारी सकाळी साडेदहाला फोन यायला लागला. "सात आडव्याला खूण दे, उत्तर देऊ नकोस." कधी खरंच अडलेलं असायचं, कधी नसायचं. मी फरक ओळखायला शिकले आणि कधी विचारला नाही. २०१९ मध्ये मामा गेले तोवर हे चाललं. त्यांचे कागद आवरताना ताईला ते २५,८४२ सापडलं. सगळी घरं भरलेली. कोपऱ्यात नेहमीसारखे लाल शाईतले गुण नव्हते. तिथं चार नावांची आद्याक्षरं होती. माझं, माझ्या मैत्रिणीचं, ताईचं आणि मामीचं.

असो. फार लांबलं.

जाता जाता एक सोपं कोडं, नव्या खुळ्यांसाठी. 'कलम जरा इकडंतिकडं केलं तर चिखलातही फुलेल (३)'. उत्तर मी सांगणार नाही. अडलात तर फोन करा. न अडलात तरी करा.